रुमालाखालचा नवा सौदा

तालुक्याच्या गावी एस. टी. स्थानकाबाहेरच्या भिंतींवर एके काळी टंकलेखनाच्या वर्गांच्या जाहिराती असत. पुढे त्यांची जागा संगणकाच्या वर्गांनी घेतली. आता तेथे ‘घरबसल्या व्यापार करा, साऱ्या देशात माल विका’ अशा मजकुराचे फलक लागलेले दिसतात. वस्तू कशी निवडावी, तिचे छायाचित्र कसे काढावे, अ‍ॅमेझॉन किंवा फ्लिपकार्ट ह्यांच्या ऑनलाइन बाजारात विक्रेता म्हणून खाते कसे उघडावे, हे तेथे फी घेऊन शिकवले जाते. नोकरीची आशा मावळलेला पदवीधर, पापड-मसाल्यांच्या पलीकडे काही करू पाहणाऱ्या बचतगटांतील स्त्रिया, वाटणीला अर्धा एकर आलेला शेतकऱ्याचा मुलगा, असे लोक ह्या वर्गांना येतात. कोणी घरातले दागिने गहाण ठेवून माल भरतो, कोणी बँकेचे कर्ज काढतो. त्यांच्या ह्या धडपडीची टिंगल करण्याचा अधिकार कोणालाही नाही. ज्या अर्थव्यवस्थेने त्यांना काम दिले नाही, तीच त्यांना ‘उद्योजक व्हा’ असा उपदेश करीत आहे आणि त्यांनी तो प्रामाणिकपणे मानला आहे.

मात्र ह्या वर्गांत एक प्रश्न सहसा विचारला जात नाही. ज्या बाजारात हा तरुण पाल ठोकणार आहे त्या बाजाराचा मालक कोण, आणि त्या मालकावर अंकुश कोणाचा? गावच्या आठवडी बाजारात बसणारा विक्रेता ग्रामपंचायतीला बाजारपट्टी देतो. ती पट्टी अन्याय्य वाटली तर ग्रामसभेत उभा राहून तो जाब विचारू शकतो. सरपंच स्वतः दुकान मांडून बसला आणि त्याने बाजाराच्या तोंडाशी फक्त आपलेच पाल लावू दिले, तर गाव गप्प बसणार नाही. ऑनलाइन बाजार हा आज देशातला सर्वांत मोठा आठवडी बाजार झाला आहे. फरक इतकाच की, ह्या बाजाराला ग्रामसभा नाही.

ह्या बाजाराचे लाभ नाकारणे हा दुराग्रह ठरेल. कोल्हापुरातील सुभाषनगरच्या किंवा कागल तालुक्यातील कापशीच्या चर्मकार कारागिराचे उदाहरण घ्यावे. बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावलेले चामडे, खिळ्याऐवजी चामड्याच्याच वादीने घातलेले टाके, घरातल्या स्त्रियांच्या हातांनी विणलेल्या वेण्या, अशी ही कोल्हापुरी चप्पल पिढ्यानपिढ्या घडत आली आहे. ती घडवणाऱ्याच्या हाती मात्र पिढ्यानपिढ्या मजुरीच पडली. चामड्यासाठी उचल देणारा व्यापारी ठरवील तो भाव, आणि तो देईल तेव्हा पैसे, ही त्याची स्थिती होती. शिवाय ज्या समाजात चामड्याला हात लावणाऱ्याचा हातही विटाळाचा मानला गेला, तेथे पेठेत दर्शनी दुकान थाटणे ही केवळ भांडवलाची बाब नव्हती. आज त्याच कारागिराचा मुलगा हातातल्या फोनवर आपल्या मालाचे छायाचित्र चढवतो आणि गुवाहाटीचे गिऱ्हाईक त्याची जात न विचारता जोड मागवते. पैसे बँकेत जमा होतात. ही मुक्ती अपुरी असेल, पण ती खोटी नाही. जुन्या व्यापाऱ्याच्या कैवारासाठी तिच्यावर पाणी सोडा, असे समाजवादी विचाराचा कोणीही माणूस म्हणणार नाही.

म्हणूनच ह्या मुक्तीचा हिशेब बारकाईने मांडला पाहिजे. समजा, ह्या मुलाने एका जोडाची किंमत १,५०० रुपये ठेवली. बाजाराची दलाली वस्तूच्या वर्गाप्रमाणे कमीजास्त असते. ती १२ टक्के धरली तर १८० रुपये झाले. प्रत्येक विक्रीमागे ठरावीक आकार असतो, तो ६० रुपये धरू. वाहतूक वजनावर किंवा खोक्याच्या आकारमानावर, जे जास्त भरेल त्यावर, आकारली जाते, ती १०० रुपये. आणि शेकडो कोल्हापुरी चपलांच्या रांगेत आपली चप्पल वरच्या ओळीत दिसावी म्हणून बाजाराच्या मालकाकडेच जी जाहिरात विकत घ्यावी लागते, तिचा खर्च जोडामागे ११० रुपये. कर बाजूला ठेवला तरी ४५० रुपये बाजारातच राहिले. हाती आलेल्या १,०५० रुपयांतून चामडे, तळ, मजुरी आणि वेष्टन ह्यांचे ९०० रुपये वजा केले की १५० रुपये सुटतात. हा आकडा वर्गात फळ्यावर लिहिला जातो, आणि तो पाहून तरुण हरखून जातो.

पण पादत्राणांच्या धंद्यात माप न जुळल्याने माल परत येतोच. पाच जोडांमागे एक परत आला असे धरले, तर चार जोडांचे ६०० रुपये सुटतात आणि पाचव्या जोडाच्या जाण्या-येण्याचे २०० व जाहिरातीचे ११० असे ३१० रुपये बुडतात. उरतात २९०, म्हणजे विकल्या गेलेल्या जोडामागे जेमतेम ७२ रुपये. त्यात सणाचा महासेल आला. सवलत दिली नाही तर माल मागे पडतो, म्हणून त्याने दहा टक्के सूट दिली. किंमत १,३५० झाली, दलाली १६२ झाली, बाकीचे आकार तेवढेच राहिले. आता जोडामागे १८ रुपये सुटतात. चार जोडांचे ७२ झाले आणि परत आलेल्या पाचव्याने ३१० नेले. सर्वांत जास्त विक्री ज्या आठवड्यात झाली त्याच आठवड्यात दर पाच जोडांमागे २३८ रुपये घरातून गेले. वाहतुकीचे पैसे वाहणाऱ्याला मिळाले, जाहिरातीचे बाजाराला मिळाले, सवलत गिऱ्हाइकाला मिळाली. तोटा तेवढा कारागिराच्या नावावर लागला. हे आकडे नमुन्यादाखल आहेत. प्रत्येकाने त्यात आपले आकडे घालून पाहावेत, हिशेबाची रीत मात्र हीच राहील.

दलाली माफ केल्याच्या घोषणा अधूनमधून होतात. २०२५ च्या एप्रिलपासून अ‍ॅमेझॉनने ३०० रुपयांखालील मालावरची दलाली माफ केली, हे खरे आहे. स्पर्धेच्या रेट्याने अशी माफी मिळते, तिचे स्वागतच करावे. परंतु मालकाच्या मर्जीने मिळालेली सूट मालकाच्या मर्जीने जाऊही शकते. माफीला कराराचे बळ नाही, कायद्याचे तर नाहीच. शिवाय दलाली गेली तरी जाहिरात, वाहतूक आणि परतीचा बोजा राहतोच.

पैशांच्या ह्या हिशेबाहून गंभीर गोष्ट निराळीच आहे, आणि तिच्यासाठी महाराष्ट्राला स्वतःचाच इतिहास आठवावा लागेल. जुन्या काळी कापसाच्या आणि धान्याच्या बाजारात ‘हत्ता’ नावाची पद्धत होती. अडत्या आणि खरीददार हातावर रुमाल टाकीत आणि त्या रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवीत. मालाचा धनी शेतकरी शेजारी उभा असे, पण आपल्या मालाला कोणी काय भाव बोलला हे त्याला कळत नसे. सौदा झाला की त्याला आकडा सांगितला जाई. मग त्या आकड्यातून अडत, हमाली, तोलाई, वानगी, कडता आणि धर्मादाय अशा नाना नावांनी कपात होई. शेतकरी बाजारात माल घेऊन येण्यास स्वतंत्र होता. परत नेण्याचे गाडीभाडे त्याच्याजवळ नसे, एवढीच काय ती त्याच्या स्वातंत्र्याची मर्यादा होती!

आजच्या ऑनलाइन बाजारात रुमालाची जागा संगणकीय सूत्राने घेतली आहे. गिऱ्हाइकाने ‘कोल्हापुरी चप्पल’ असे शब्द टाकल्यावर पहिल्या ओळीत कोणाचा माल यावा आणि दहाव्या पानावर कोणाचा, हे ते सूत्र ठरवते. एकच वस्तू वीस विक्रेते विकत असतील तर ‘खरेदी करा’ हे बटण त्यांपैकी कोणाच्या नावावर लागावे, हेही तेच ठरवते. हे सूत्र विक्रेत्याला पाहता येत नाही. काल रोज दहा जोड जात होते, आज एकही का जात नाही, ह्याचे उत्तर देणारा माणूस त्याला सापडत नाही. एखाद्या सकाळी त्याचे खातेच बंद पडते. नियमभंग झाला असे सांगणारा ठरावीक मजकूर येतो, त्यावर केलेल्या अर्जाला तसाच ठरावीक मजकूर उत्तर म्हणून येतो, आणि दरम्यान गुदामातला माल तेथेच अडकून राहतो. गिऱ्हाइकाचा पत्ता आणि फोन त्याच्या वहीत नसतो, कारण गिऱ्हाईक बाजाराचे असते. त्याने तीन वर्षे प्रामाणिकपणे कमावलेले अभिप्राय आणि तारांकने त्याला दुसऱ्या बाजारात नेता येत नाहीत. पेठेतला दुकानदार गाळा बदलतो तेव्हा त्याची पत त्याच्याबरोबर जाते. ह्या दुकानदाराची पत मालकाच्या भिंतीत चिणलेली असते.

मालकाला मात्र सारे काही दिसते. कोणता माल खपतो, कोणत्या किमतीला खपतो, कोणत्या रंगाचा परत येतो, हे हजारो विक्रेत्यांच्या घामातून गोळा झालेले ज्ञान त्याच्या हाती फुकट पडते. तो निव्वळ बाजार चालवीत असता तर ह्यातून फारसे बिघडले नसते. तोच जेव्हा स्वतःच्या किंवा मर्जीतल्या कंपन्यांमार्फत विक्रीलाही उतरतो, तेव्हा तराजू आणि माल एकाच्याच हाती जातात.

ही भीती काल्पनिक नाही. परकीय भांडवल असलेल्या ऑनलाइन कंपनीने बाजार चालवावा, स्वतः माल बाळगून किरकोळ विक्री करू नये, हे भारत सरकारने मार्च २०१६ च्या धोरणपत्रात स्पष्ट केले होते. तरीही २०१४ साली अ‍ॅमेझॉन आणि कटामरान ह्यांच्या भागीदारीतून उभी राहिलेली क्लाउडटेल ही कंपनी त्याच बाजारातील एक बलाढ्य विक्रेती होती. डिसेंबर २०१८ मध्ये सरकारला पुन्हा धोरणपत्र काढून असे सांगावे लागले की, बाजार चालवणाऱ्याची भागीदारी असलेल्या कंपनीने त्या बाजारात विक्री करू नये. हा नियम १ फेब्रुवारी २०१९ पासून अमलात आला. भागीदारीच्या टक्क्यांची फेररचना झाली आणि क्लाउडटेल पुन्हा बाजारात दिसू लागली. तिचा व्यवहार थांबला तो २०२२ च्या मे महिन्यात. २०२१ च्या फेब्रुवारीत रॉयटर्स वृत्तसंस्थेने कंपनीच्या अंतर्गत कागदपत्रांच्या आधारे असे प्रसिद्ध केले की, २०१९ च्या आरंभी भारतातील चार लाखांहून अधिक विक्रेत्यांपैकी अवघ्या ३५ विक्रेत्यांच्या हाती ह्या बाजारातील सुमारे दोन-तृतीयांश विक्री होती. आपण कोणाला झुकते माप दिले नाही, असे कंपनीचे म्हणणे आहे. पण ३५ आणि चार लाख हे दोन आकडे शेजारी ठेवले की, भिंतीवरच्या जाहिरातीतील ‘साऱ्या देशात माल विका’ ह्या वाक्याचा अर्थ उमगू लागतो.

दिल्लीच्या व्यापारी महासंघाच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२० मध्ये अ‍ॅमेझॉन आणि फ्लिपकार्ट ह्यांच्या चौकशीचा आदेश दिला. दोन्ही कंपन्या न्यायालयात गेल्या. कर्नाटक उच्च न्यायालयाने आणि २०२१ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती चौकशी थांबवण्यास नकार दिल्यावरच काम पुढे सरकले. निवडक विक्रेत्यांना झुकते माप देऊन स्पर्धा कायद्याचा भंग झाला, असा चौकशी अधिकाऱ्यांचा निष्कर्ष २०२४ साली बाहेर आला. चौकशीचा अहवाल म्हणजे अंतिम निकाल नव्हे आणि कंपन्यांना आपली बाजू मांडण्याचा पूर्ण हक्क आहे. परंतु आदेशापासून अहवालापर्यंत साडेचार वर्षे गेली, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. एवढ्या काळात किती छोट्या विक्रेत्यांनी खाती बंद करून गहाण दागिन्यांवर पाणी सोडले असेल, त्याची नोंद कोणत्याही अहवालात सापडणार नाही. अवाढव्य भांडवलाला काळ विकत घेता येतो. दोन लाखांचा माल भरलेल्या तरुणाला तो विकत घेता येत नाही.

समाजवादी देशांतच बाजाराला वेसण घातली जाते, अशी ज्यांची समजूत आहे त्यांनी भांडवलशाहीच्या माहेरघरांकडे पाहावे. खुद्द अमेरिकेत सप्टेंबर २०२३ मध्ये तेथील संघीय व्यापार आयोगाने १७ राज्यांसह अ‍ॅमेझॉनविरुद्ध मक्तेदारीचा दावा दाखल केला. निरनिराळ्या आकारांपोटी विक्रेत्यांच्या उत्पन्नाचा जवळजवळ अर्धा भाग कंपनीकडे जातो, असा त्या आयोगाचा आरोप आहे, आणि कंपनी तो मान्य करीत नाही. युरोपीय संघात जुलै २०२० पासून असा नियम लागू झाला की, विक्रेत्याचे खाते कायमचे बंद करावयाचे असल्यास सामान्यतः ३० दिवस आधी कारणांसह कळवले पाहिजे, आणि क्रमवारी ठरवणारे मुख्य निकष जाहीर केले पाहिजेत. डिसेंबर २०२२ मध्ये अ‍ॅमेझॉनने युरोपीय आयोगापुढे अशी बांधीलकी स्वीकारली की, इतर विक्रेत्यांची खाजगी माहिती ती स्वतःच्या किरकोळ विक्रीसाठी वापरणार नाही, आणि ‘खरेदी करा’ बटणाच्या बाबतीत सर्वांना समान वागणूक देईल. जर्मनीतील विक्रेत्याला जे संरक्षण देता येते, ते इचलकरंजीच्या किंवा सोलापूरच्या विक्रेत्याला का देता येऊ नये, ह्या प्रश्नाचे उत्तर कंपनीने आणि त्याहूनही भारत सरकारने दिले पाहिजे.

येथे दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की, ग्राहकाला माल स्वस्त मिळतो, मग तक्रार कशाची? ग्राहकहिताची थट्टा करण्याचे कारण नाही. मर्यादित पगारात घर चालवणाऱ्या कुटुंबाला शंभर रुपयांची सूट ही मोठी गोष्ट असते. पण ही सूट कोणाच्या खिशातून येते, हे वर मांडलेल्या हिशेबात दिसतेच. शिवाय ग्राहक म्हणजे कोणी निराळी जमात नव्हे. तोच माणूस दुसऱ्या बाजूने कारागीर, विणकर, दुकानातला नोकर किंवा भिवंडीच्या गुदामात उभ्याने खोकी भरणारा कामगार असतो. एका हाताने त्याला सूट द्यावयाची आणि दुसऱ्या हाताने त्याची मजुरी कापावयाची, हा व्यवहार फार काळ चालत नाही. आणि लहान विक्रेते व शेजारची दुकाने नाहीशी झाल्यावर सूट चालू ठेवण्याचे बंधन मालकावर उरत नाही.

दुसरा आक्षेप स्वदेशीच्या नावाने येतो. परकीय कंपन्यांना घालवा, त्यांच्या जागी भारतीय उद्योगसमूह आले की प्रश्न मिटेल, असे सांगितले जाते. २०१८ साली वॉलमार्टने सुमारे १६ अब्ज डॉलर मोजून फ्लिपकार्टचे ७७ टक्के भाग घेतले, तेव्हा ही भाषा जोरात होती. बहुराष्ट्रीय भांडवलाविषयी सावध राहणे योग्यच आहे. १९७७ च्या जनता सरकारने लघुउद्योगांसाठी राखीव वस्तूंची यादी १८० वरून ५०४ वर नेली, तेव्हा त्यामागे हीच जाणीव होती. पुढे ती यादी कमी होत गेली आणि २०१५ साली शेवटच्या २० वस्तूही तिच्यातून निघाल्या. पण मक्तेदाराची भाषा मराठी असली किंवा त्याचे कार्यालय मुंबईत असले, म्हणून मक्तेदारी गोड होत नाही. रुमाल मँचेस्टरच्या कापडाचा होता की खादीचा, ह्याने रुमालाखालच्या सौद्यात फरक पडला नसता. प्रश्न मालकाच्या राष्ट्रीयत्वाहून त्याच्या निरंकुशतेचा अधिक आहे.

हत्ता पद्धतीला महाराष्ट्राने जे उत्तर शोधले त्याकडे म्हणूनच वळले पाहिजे. १८८६ साली वऱ्हाडात कारंजा येथे कापसाचा नियंत्रित बाजार स्थापन झाला. १८९७ साली वऱ्हाडच्या कापूस आणि धान्य बाजारांसाठी कायदा झाला. त्यामागे मँचेस्टरच्या गिरण्यांना शुद्ध कापूस मिळावा हा साम्राज्याचा स्वार्थ होता, हे विसरण्याचे कारण नाही. परंतु तत्त्व पुढे लोकांच्या कामी आले. १९२७ चा मुंबई कापूस बाजार कायदा, १९२८ च्या शाही कृषी आयोगाची शिफारस आणि अखेर १९६३ चा महाराष्ट्राचा कृषि उत्पन्न बाजार कायदा, अशी ही वाटचाल झाली. बाजार ही सार्वजनिक जागा आहे, तेथे भाव उघड लिलावाने पुकारला जावा, वजन सर्वांदेखत व्हावे, कपात ठरलेलीच व्हावी आणि तिची पावती मिळावी, बाजाराच्या कारभारात माल आणणाऱ्याचे प्रतिनिधी असावेत, ही त्यातली सूत्रे होती. ह्या समित्या पुढे अनेक ठिकाणी राजकीय सत्तेचे अड्डे झाले. फळे-भाज्यांची अडत शेतकऱ्याऐवजी खरीददाराने द्यावी, एवढी साधी गोष्ट ठरवण्यास २०१६ साल उजाडावे लागले. हे सर्व मान्य केले पाहिजे. पण समित्या बिघडल्या म्हणून रुमाल परत आणावा, असे कोणी म्हणत नाही. संस्था बिघडली तर ती दुरुस्त करावयाची असते.

ऑनलाइन बाजारासाठीही हीच सूत्रे लागू करता येतात. जो बाजार चालवतो त्याने, त्याच्या भागीदाराने किंवा त्याच्या खाजगी छापाने त्या बाजारात विक्री करू नये, आणि हा नियम देशी व परकीय अशा दोन्ही भांडवलांना सारखाच लागू असावा. क्रमवारीचे निकष जाहीर असावेत. दलाली व इतर आकार बदलण्यापूर्वी पुरेशी पूर्वसूचना द्यावी, आणि प्रत्येक विक्रीमागे काय कापले ह्याची एकच, समजेल अशी हिशेबपट्टी विक्रेत्याला त्याच्या भाषेत मिळावी. लेखी कारण आणि सुनावणी ह्यांशिवाय कोणाचे खाते बंद होऊ नये, व त्यावरील अपील कंपनीबाहेरच्या आणि जिल्ह्याच्या ठिकाणी बसणाऱ्या अधिकाऱ्याकडे करता यावे. भौगोलिक मानांकनाचा हक्क असलेल्या वस्तूंच्या नावाखाली नक्कल विकली जाऊ नये ह्याची जबाबदारी बाजारावर असावी. कोल्हापुरी चपलेला महाराष्ट्रातील चार आणि कर्नाटकातील चार जिल्ह्यांसाठी २०१९ साली हे मानांकन मिळाले आहे. तरी रेक्झिनची, यंत्रावर काढलेली चप्पल त्याच नावाने त्याच रांगेत, आणि अर्ध्या किमतीत, बसत असेल, तर त्या मानांकनाचा कागद कारागिराने पेटीत ठेवून काय करावे? संसदेच्या अर्थविषयक स्थायी समितीने डिसेंबर २०२२ मध्ये अशा महाकाय कंपन्यांसाठी आगाऊ नियम करण्याची शिफारस केली आणि मार्च २०२४ मध्ये तशा कायद्याचा मसुदाही प्रसिद्ध झाला. त्यावर छोट्या विक्रेत्यांचे मत मागवण्यासाठी कोणी कोल्हापूरला किंवा मालेगावला गेल्याचे दिसले नाही.

करव्यवस्थेतील दुजाभावही दूर झाला पाहिजे. एरवी वर्षाला ४० लाख रुपयांपर्यंत वस्तूंची विक्री करणाऱ्या दुकानदाराला वस्तू व सेवा कराची नोंदणी सक्तीची नाही. ऑनलाइन बाजारातून विकणाऱ्याला मात्र ती पहिल्या रुपयापासून करावी लागे. १ ऑक्टोबर २०२३ पासून छोट्या विक्रेत्यांना सवलत मिळाली, पण ती राज्याच्या हद्दीत माल विकणाऱ्यांपुरतीच. म्हणजे कोल्हापूरच्या छोट्या विक्रेत्याने शेकडो मैलांवरच्या गोंदियाला माल धाडला तर सवलत, आणि हाकेच्या अंतरावरील निपाणीला धाडला तर नोंदणी! ‘सारा देश एक बाजार’ ही घोषणा सर्वांत छोट्या विक्रेत्याच्या दारातच अशी अडखळते.

परंतु कायदा आपण होऊन येत नाही, आणि आला तरी आपण होऊन चालत नाही. शेतकऱ्यांना, गिरणी कामगारांना, हमालांना जे मिळाले ते संघटनेमुळे मिळाले. ऑनलाइन विक्रेत्यांची अडचण अशी की, ते एकमेकांना भेटतच नाहीत. एकाच गल्लीतले दोघे एकाच बाजारात परस्परांची किंमत पाडीत बसतात आणि एकमेकांना शत्रू समजतात. पहिले काम त्यांना एकत्र बसवण्याचे आहे. कापशीच्या वीस कारागिरांनी वीस खाती उघडण्याऐवजी एक सहकारी संस्था काढावी. चामड्याची खरेदी, छायाचित्रण, वेष्टन, हिशेब आणि तक्रारी हे सारे त्या संस्थेमार्फत व्हावे. वीस जणांचा माल मागे घेण्याची ताकद असलेल्या संस्थेशी बोलताना मालकाचा स्वर बदलतो. १९५९ साली गिरगावात सात स्त्रियांनी ८० रुपयांच्या कर्जावर सुरू केलेला लिज्जत पापडाचा उद्योग देशभर पसरला, तो एकेकटीच्या खात्यावर नव्हे. ग्राहकांच्या बाजूनेही मुंबई ग्राहक पंचायतीने १९७५ पासून कुटुंबांच्या गटांकडून आगाऊ याद्या घेऊन, मधली दलाली टाळून माल घरपोच करण्याची रीत चालवून दाखवली. मागणीची यादी आधी, खरेदी नंतर, ही कल्पना संगणकाच्या कितीतरी आधी महाराष्ट्राच्या चाळींत रुजली होती. उत्पादकांच्या अशा संस्था आणि ग्राहकांच्या अशा पंचायती ह्यांना जोडणारा धागा म्हणून संगणक वापरला, तर तेच यंत्र मुक्तीचे साधन होईल.

३१ डिसेंबर २०२१ रोजी स्थापन झालेल्या ‘ओ. एन. डी. सी.’ ह्या जाळ्याकडेही ह्याच दृष्टीने पाहावे. एका कंपनीचा बाजार न ठेवता अनेक विक्रेत्यांना आणि अनेक ग्राहकांना समान नियमांनी जोडणारा सार्वजनिक रस्ता बांधावा, ही त्यामागील कल्पना योग्य आहे. परंतु रस्ता बांधला म्हणून गाडी चालत नाही. तीवर माल घालणाऱ्या सहकारी संस्था, तालुक्याच्या ठिकाणची गुदामे, टपाल खात्याची स्वस्त वाहतूक आणि तक्रार ऐकणारी जागा, हे सारे उभे राहिले नाही तर तो रस्ताही अखेर मोठ्या गाड्यांच्याच सोयीचा होईल.

दरम्यान, ज्या तरुणाने माल भरला आहे त्याने काय करावे? त्याने धंदा जरूर करावा, पण डोळे उघडे ठेवून करावा. परतीचा आणि जाहिरातीचा खर्च धरल्याशिवाय किंमत लावू नये. व्याजाच्या पैशांनी गुदाम भरू नये. सारी विक्री एकाच बाजारावर टांगू नये, आणि गावातले, ओळखीचे, हातोहात पैसे देणारे गिऱ्हाईक तुटू देऊ नये. महासेलच्या आदल्या रात्री कागद-पेन्सिल घेऊन बसावे आणि आकडा उणे येत असेल तर त्या आठवड्यात दुकान बंद ठेवण्याचे धैर्य दाखवावे. आणि शेजारच्या गल्लीतला त्याच बाजारात विकणारा दुसरा तरुण शोधून काढून त्याच्यासमोर आपली हिशेबपट्टी ठेवावी. दोन हिशेबपट्ट्या शेजारी आल्या की रुमालाचे एक टोक उचलले जाते.

वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला आपल्याच मालाचा भाव उघड्यावर ऐकू यावा, एवढ्यासाठी अनेक दशके झगडावे लागले. त्याच्या नातवाला आता तोच हक्क फोनच्या पडद्यावर मिळवावयाचा आहे. बाजार बदलला, मागणी तीच आहे. सौदा उघड्यावर व्हावा आणि ज्याचा माल त्याला तो दिसावा.